खर्रर्र ऐकू येतं, पडद्यावर मात्र काहीच नाही: रास्पबेरी पायवरच्या पॅकेट रेडिओचा बिघाड शोधताना

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर दोन मीटर पट्ट्याचा अँटेना आहे. खाली जिन्यालगतच्या खोलीत रेडिओ सेट, त्याच्या शेजारी टीएनसीचं, म्हणजे रेडिओचा आवाज आणि संगणकाचा मजकूर यांची अदलाबदल करणाऱ्या यंत्राचं, छोटं बोर्ड आणि त्याच्याखाली रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’). एवढ्याशा मांडणीत बिघडण्यासारखं काय असणार, असं मला सुरुवातीला वाटायचं. पहिल्याच पावसाळ्यात त्याचं उत्तर मिळालं. सेटमधून पॅकेटचा आवाज येत होता, टीएनसीचा दिवा लुकलुकत होता, पण पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हतं. चार दिवस मी सॉफ्टवेअर काढत आणि घालत राहिलो. कार्ड दोनदा कोरं करून सगळं नव्याने बसवलं. पाचव्या दिवशी मल्टीमीटर लावला तेव्हा कळलं, चार्जरची केबल बारीक होती आणि पायपर्यंत विजेचा पुरता दाबच पोहोचत नव्हता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. या छंदात नव्याने आलेल्यांसाठी तोच इथे सविस्तर मांडतोय. पॅकेट रेडिओ म्हणजे मजकूर छोट्या तुकड्यांत, पॅकेटांत, रेडिओवरून पाठवणं. त्याची एक साखळी आहे: अँटेना, सेट, आवाजाची तार, टीएनसी किंवा साउंड कार्ड, सीरियल जोडणी, लिनक्स आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅम. प्रत्येक कडी तिच्यापुरती, बाकीच्या कड्यांवर विसंबून न राहता, शाबूत असल्याचं सिद्ध करता येतं. ते न करता शेवटच्या कडीपासून सुरुवात केली की माझ्यासारखे चार दिवस जातात.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. आज्ञांची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. दुसरी गोष्ट परवान्याची. आपल्याकडे हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा परीक्षा घेऊन देते, आणि दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ आहे. परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे आपली रेडिओवरची ओळख, हातात येईपर्यंत प्रक्षेपणाच्या वाटेलाही जाऊ नका.

आधी वीज

रास्पबेरी पायला नुसते ५ व्होल्ट पुरत नाहीत, ते भार पडल्यावरही टिकायला हवेत. पाय ३ साठी ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा आणि पाय ४ साठी ३ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय स्वतःच त्याची नोंद करतो. ती बघायची आज्ञा ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’. उत्तर ‘शून्य एक्स शून्य’ आलं तर छान. ‘शून्य एक्स ५००००’ आलं तर यंत्र सुरू झाल्यापासून कधीतरी दाब पडला होता, आणि शेवटी पाचचा आकडा, म्हणजे ‘५०००५’ दिसला तर तो आत्ता, या क्षणीही पडलेला आहे.

ही आज्ञा सेट शांत असताना एकदा आणि प्रक्षेपण चालू असताना एकदा चालवा. सेट आणि पाय एकाच पुरवठ्यावर असतील तर पीटीटी (प्रक्षेपण सुरू करायचं बटण) दाबल्याबरोबर सेट मोठा प्रवाह ओढतो आणि पायचा दाब तेवढ्यापुरता कोसळतो. नुसत्या ऐकण्याच्या चाचणीत हे कधीच सापडत नाही.

मल्टीमीटरने मोजायचं तर पिन २ वर ५ व्होल्ट आणि पिन ६ वर ग्राउंड मिळतं. पण मीटरचं टोक थेट पिनांवर टेकवू नका. पिन १ वर ३.३ व्होल्ट आहेत आणि ती पिन २ ला अगदी चिकटून आहे. टोक घसरून दोन्ही जोडल्या गेल्या तर पाय कायमचा जाऊ शकतो. पिनांवर दोन जंपर वायरी चढवा आणि मीटरची टोकं त्या वायरींच्या दुसऱ्या टोकांना लावा. महाराणी रोडवर किंवा जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात या वायरींची अख्खी पट्टी मिळते. पुढच्या प्रत्येक पायरीत ती लागणार आहे, तेव्हा आधीच आणून ठेवा.

बोर्ड नीट बसलंय का

टीएनसी किट आणून स्वतः सोल्डर केलं असेल तर वीज देण्यापूर्वी भिंगाखाली बघा. आयसीची खाच छापील खुणेकडे आहे का, तिची एखादी पिन आत दुमडून तर गेली नाही ना, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची ऋण बाजू बरोबर आहे का. चांगला सांधा चकचकीत असतो आणि पिनेभोवती उतार धरतो. निस्तेज, गोळ्यासारखा दिसणारा सांधा पुन्हा गरम करा.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जुनी बोर्डं पहिल्या पायसाठी, म्हणजे २६ पिनांच्या हेडरसाठी बनलेली होती. आताच्या पायवर ४० पिना आहेत. बोर्ड पिन १ च्या टोकापासूनच बसलं पाहिजे. एक ओळ जरी सरकलं तरी ५ व्होल्ट नको तिथे पोहोचतात.

आणि जुना, डब्यातला, नऊ पिनांच्या आरएस-२३२ सॉकेटचा टीएनसी कुणी प्रेमाने दिला असेल तर त्याची तार पायच्या पिनांना थेट कधीही जोडू नका. आरएस-२३२ वर धन आणि ऋण असे दोन्ही दाब असतात, बऱ्याचदा १२ व्होल्टपर्यंत. पायच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सोसतात, ५ सुद्धा नाही. मध्ये यूएसबी-सीरियल अडॅप्टर किंवा मॅक्स३२३२ची चिप हवीच.

सीरियल पोर्ट: नवख्यांची सर्वात जास्त अडचण इथे

टीएनसी बोर्ड पिन ८ आणि पिन १० वरून पायशी बोलतं. पिन ८ म्हणजे जीपीआयओ (प्रोग्रॅमने चालवायच्या पिनांचा क्रमांक) १४, इथून पाय बोलतो. पिन १० म्हणजे जीपीआयओ १५, इथे पाय ऐकतो. पण मूळ लिनक्समध्ये हीच जोडी बऱ्याचदा लॉगिन कन्सोलसाठी राखलेली असते. ती मोकळी केल्याशिवाय टीएनसीला जागाच मिळत नाही. ‘रास्पी-कॉन्फिग’ उघडा, इंटरफेसच्या यादीत सीरियल पोर्ट निवडा. लॉगिन शेल हवं का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा. सीरियल हार्डवेअर चालू ठेवायचं का, याला ‘हो’ म्हणा. मग रीबूट.

पाय ३ पासून पुढे आणखी एक गाठ आहे. त्यातला चांगला, पूर्ण यूएआरटी, म्हणजे सीरियल बोलणं सांभाळणारा भाग, ब्लूटूथला दिलेला असतो आणि पिनांच्या वाट्याला ‘मिनी यूएआरटी’ येतो. मिनी यूएआरटीचा वेग प्रोसेसरच्या कोअर क्लॉकवर चालतो. क्लॉक हलला की बॉडचा, म्हणजे सीरियल जोडणीचा, वेग हलतो आणि अक्षरांचा कचरा होतो. ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’मध्ये ‘इनेबल_यूएआरटी=१’ लिहिलं की क्लॉक स्थिर राहतो. पण माझं मत विचाराल तर ब्लूटूथची गरज नसताना ते बंदच करा. त्याच फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी’ ही ओळ घाला, पूर्ण यूएआरटी पिनांकडे परत येतो आणि डोक्याचा एक ताप कमी होतो. पायच्या लिनक्सच्या बुकवर्म या आवृत्तीपासून ही फाइल ‘बूट’च्या आत ‘फर्मवेअर’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. जुन्या जागी शोधून ती सापडत नाही म्हणून गोंधळू नका.

पाय ५ मध्ये मांडणी निराळी आहे. तिथे ‘सीरियल०’ हे नाव दोन एचडीएमआय सॉकेटांच्या मधल्या छोट्या डीबग जोडणीकडे जातं. पिनांसाठी ‘डीटीपॅरॅम=यूएआरटी०’ लिहून ‘टीटीवायएएमए०’ हे नाव वापरायचं. पाय ४ साठी लिहिलेली सेटिंग तशीच पाय ५ वर उतरवली तर बोर्ड मुकंच राहतं.

आता सर्वात उपयोगी चाचणी. टीएनसी काढून बाजूला ठेवा. पिन ८ आणि पिन १० एका जंपर वायरने एकमेकींना जोडा. ‘मिनिकॉम’ हा सीरियल जोडणीवर बोलायचा प्रोग्रॅम उघडा, पोर्टचं नाव आणि १९२०० वेग द्या. मिनिकॉमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळात चालू असतो, तो बंद करा. नाहीतर सगळं बरोबर असूनही चाचणी नापास होईल. आता एखादं अक्षर दाबा. पाय बोललेलं पायलाच ऐकू आलं, तर ते अक्षर पडद्यावर उमटेल. वायर काढा, उमटणं थांबलं पाहिजे. वायर काढल्यावरही अक्षरं दिसत असतील तर मिनिकॉमचा लोकल एको चालू आहे, तो बंद करून पुन्हा बघा.

ही दोन मिनिटांची चाचणी पास झाली की पाय, त्याच्या पिना, कॉन्फिग आणि परवानग्या, एवढ्या सगळ्यांवरचा संशय एकदम फिटतो. नापास झाली तर टीएनसीकडे बघायचंच नाही. बिघाड अजून पायच्या आतच आहे. ‘परमिशन डिनाइड’ असं आलं तर आपलं नाव ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा आत या.

मग टीएनसी परत बसवा आणि मिनिकॉम तसाच उघडा ठेवा. बहुतेक नवी बोर्डं ‘किस’ या पद्धतीने बोलतात. १९८७ साली माइक चेपोनिस आणि फिल कार्न यांनी ही पद्धत मांडली. टीएनसीतली हुशारी काढून संगणकात न्यायची आणि मधे अगदी साधी बोली ठेवायची, हा तिचा गाभा. प्रत्येक पॅकेटच्या आधी आणि नंतर ‘सी०’ हा बाइट येतो, बस. सेटवर पॅकेट आलं की मिनिकॉममध्ये काहीतरी विचित्र अक्षरं येतील आणि त्यांच्या शेपटीला वाचता येण्याजोगा मजकूर असेल. कॉलसाइन मात्र वाचता येणार नाही. कारण एएक्स.२५ या पॅकेट रेडिओच्या बोलीत पत्त्याचा प्रत्येक बाइट एका बिटने डावीकडे सरकवलेला असतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘कचरा येतोय’ म्हणून चांगली चालणारी बोर्डं लोक परत करतात. शेपटीचा मजकूर वाचता येतोय ना? मग तुमचं बोर्ड ठणठणीत आहे.

सगळाच कचरा असेल, शेपटीसकट, तर बॉडचा वेग चुकलाय. जुन्या टीएनसी-२ जातीच्या यंत्रांत आणखी एक कारण असतं. ती मुळात ७ बिट आणि इव्हन पॅरिटीवर असतात. किससाठी ८ बिट, पॅरिटी नाही, असं करावं लागतं.

कान आणि आवाजाची पातळी

१२०० बॉडचं पॅकेट म्हणजे दोन सुरांची चढाओढ, १२०० हर्ट्‌झचा एक आणि २२०० हर्ट्‌झचा दुसरा. कानाला ती छोटीशी ‘खर्रर्र’ वाटते. हा आवाज आधी सेटच्या स्पीकरवर स्वतः ऐका. तोच फाटका, घोगरा येत असेल तर बिघाड सेटच्या अलीकडे, म्हणजे अँटेना किंवा फ्रीक्वेन्सीत आहे.

हातातला छोटा चिनी सेट वापरत असाल तर त्याची बॅटरी-बचत बंद करा आणि दोन चॅनेल आलटून पालटून ऐकण्याची सोयही बंद करा. बचतीत सेट क्षणभर झोपतो आणि क्षणभर जागा होतो. त्या झोपेत पॅकेटचं डोकं निघून जातं आणि डोकं गेलेलं पॅकेट कुणालाच वाचता येत नाही. स्क्वेल्चचंही, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणाऱ्या सोयीचंही, असंच. तो उघडायला जो वेळ लागतो त्यात सुरुवात कापली जाते. डायरवुल्फसारखा, टीएनसीचं काम संगणकातच करणारा सॉफ्टवेअर मोडेम वापरत असाल तर स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवा, खरखर त्याला अडचणीची नसते. पण साध्या हार्डवेअर टीएनसीत कधी कधी ‘चॅनेल भरलाय’ हे नुसत्या आवाजाच्या ऊर्जेवरून ठरतं. तिथे स्क्वेल्च उघडा ठेवला की डीसीडीचा, म्हणजे चॅनेल भरल्याचा, दिवा सतत पेटलेला राहतो आणि टीएनसी बिचारा कायम वाट बघत बसतो, प्रक्षेपण करतच नाही. दोन्हींचा इलाज उलटा आहे, म्हणून आपल्याकडे काय आहे ते आधी बघा.

पायला आवाज आत घेण्याची स्वतःची सोय नाही. टीएनसी नसेल तर यूएसबी साउंड कार्ड लागतं. ‘एरेकॉर्ड -एल’ या आज्ञेने ते दिसतंय का बघा. मग ‘अल्सामिक्सर’ उघडून एफ६ दाबा आणि तेच कार्ड निवडा. तिथे ‘ऑटो गेन कंट्रोल’ असेल तर एम दाबून बंद करा. ही सोय माणसाच्या बोलण्यासाठी आहे. पॅकेटच्या सुरुवातीलाच ती पातळी वरखाली करते. सगळं जमलं की ‘अल्साकंट्रोल स्टोअर’ची आज्ञा द्या, तिचं रोमन नाव ‘एएलएसएसीटीएल’ असं आखूड आहे. हे केलं नाही तर पुढच्या रीबूटला मेहनत वाया जाण्याची भीती राहते. कार्डाचा क्रमांकही रीबूटनंतर बदलू शकतो, म्हणून कॉन्फिगमध्ये क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव लिहा.

डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटबरोबर आवाजाची पातळी छापतो. ती ५० च्या आसपास ठेवा. या आकड्यापुढे कंसात आणखी दोन आकडे असतात, खालच्या आणि वरच्या सुराची ताकद. ते जवळपास सारखे असतील तर उत्तम. वरच्या सुराचा आकडा फार लहान असेल तर सेटच्या स्पीकर-मार्गातल्या डी-एम्फसिसने उंच सूर दाबलाय. १२०० आणि २२०० हर्ट्‌झमध्ये त्यामुळे सुमारे ५ डेसिबलचा फरक पडू शकतो. सेटला मागे डेटा सॉकेट असेल तर आवाज तिथून घ्या. नसेल तर डायरवुल्फ थोडा असमतोल सांभाळून घेतो, पण पातळी चढलेली असली तर तोही हात टेकतो. साउंड कार्डाचं माइक इनपुट फार नाजूक असतं. स्पीकरच्या तारेला १० किलोओहमचा रोध घालून कार्डाच्या बाजूला १ किलोओहम ग्राउंडला लावा, आवाज अकराव्या हिश्शावर येतो. मालिकेत एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही घाला, कारण माइक इनपुटवर थोडा डीसी दाब असतो.

पॅकेट पाठवणारं कुणी आसपास नसेल तर? डायरवुल्फबरोबरच ‘जेन_पॅकेट्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. तो पॅकेटच्या आवाजाची फाइल बनवून देतो. ती फाइल ‘एटेस्ट’ला दिली की किती पॅकेट वाचली ते कळतं, म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रश्न मिटला. मग तीच फाइल मोबाइलवर घ्या, मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधून सेटऐवजी साउंड कार्डाला किंवा टीएनसीला द्या आणि आवाज हळूहळू वाढवा. वाचलं तर तार, पातळी, मोडेम सगळं बरोबर, आणि दोष फक्त सेटच्या बाजूला उरतो.

खऱ्या हवेतली खूण हवी असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आहे. त्याचं पॅकेट यंत्र चालू असतं तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर ऐकू येतं. स्थानक इंदूरवरून जातं तेव्हा एक फेरी जास्तीत जास्त दहा मिनिटांची मिळते. गच्चीवर जा, स्क्वेल्च उघडा आणि सेट आडवा-उभा करून बघा. डॉपलरमुळे फ्रीक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्‌झपर्यंत सरकते, पण एफएमच्या सेटला सहसा एवढं चालून जातं. पहिल्यांदा त्या खर्रर्रमधून पडद्यावर ओळ उमटली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. आईला गच्चीवर बोलावून दाखवली होती.

लिनक्सची बाजू

इथे मी लवकर पुढे जातो, कारण यातल्या चुका मोजक्याच आहेत. ‘एएक्सपोर्ट्‌स’ फाइलमध्ये एका ओळीत पोर्टचं नाव, कॉलसाइन, वेग, पॅकेटची लांबी, विंडो आणि वर्णन असतं. या फाइलमध्ये रिकामी ओळ ठेवू नका. टीएनसीला लिनक्सशी जोडणाऱ्या ‘किसअटॅच’ने ‘डिव्हाइस बिझी’ म्हटलं तर तोच पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरलाय, बऱ्याचदा आपलाच विसरलेला मिनिकॉम किंवा न काढलेलं लॉगिन कन्सोल. जोडणी झाल्यावर ‘एएक्सलिसन’ हा पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम सुडो लावून चालवा. काही दिसत नसेल तर ‘आयपी -एस लिंक’मध्ये ‘एएक्स०’ची आलेल्या पॅकेटांची संख्या बघा. ती वाढतेय पण मजकूर दिसत नाही, असं असेल तर प्रश्न दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. वाढतच नसेल तर पुन्हा मिनिकॉमच्या पायरीवर जा.

प्रक्षेपण

इथवर सगळं पास झालं असेल तरच पुढे या, आणि अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (प्रक्षेपणाची ताकद हवेत न सोडता गिळणारा रोध) लावूनच या.

आमच्या गल्लीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा परवाना मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात धावत आला. “काका, पाय चालू केला की सेट आपोआप बोलायला लागतो. मी काहीच दाबलेलं नसतं.”

“पीटीटी कुठल्या पिनेवर घेतलीस?”

“जीपीआयओ चारवर.”

“अरे, मग तो बोलणारच. ० ते ८ या पिना पाय सुरू होताना वर ओढलेल्या असतात, आणि ९ ते २७ खाली. तुझा ट्रान्झिस्टर लिनक्स जागं होण्याआधीच उघडतोय. पंचविसावर ने.”

तार जीपीआयओ २५ वर नेली, कॉन्फिगमध्ये दोन जागी पिनेचं नाव बदललं आणि काम झालं. यूएसबी-सीरियल अडॅप्टरच्या आरटीएसवर पीटीटी घेतली तरी असंच होऊ शकतं, पोर्ट उघडताना ती ओळ क्षणभर उठते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: पाय पूर्ण सुरू होऊ द्या, मग सेटला वीज द्या.

पीटीटीची तार पायच्या पिनेला थेट जोडायची नाही. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला आणि त्याच्या बेसला ४.७ किलोओहमचा रोध लावा. पीसी८१७ हा ऑप्टोकपलर वापरलात तर त्याहून चांगलं, सेट आणि पाय विजेच्या दृष्टीने वेगळे राहतात. आवाजावर आपोआप चालू होणारी व्हॉक्सची सोय पॅकेटसाठी वापरू नका. ती सुरुवात कापते आणि पॅकेट संपल्यावरही सेट धरून ठेवते.

आता पातळी. दुसरा एखादा सेट किंवा आरटीएल-एसडीआर हा संगणकाला लावायचा रेडिओ डोंगल ऐकायला ठेवा. डायरवुल्फला ‘-एक्स’ दिलं की तो चाचणीचे सूर पाठवत राहतो. पातळी शून्यापासून वाढवत न्या. एका जागी आवाज वाढायचा थांबेल. तिथे सेटचा लिमिटर सूर कापतोय. तिथून मागे या, साधारण निम्म्यावर. डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रीक्वेन्सी किती सरकते ते) मोजायची सोय असेल तर ते ३ किलोहर्ट्‌झच्या आसपास ठेवा. मोठा आवाज म्हणजे चांगलं पॅकेट, हा समज अगदी सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. कापलेले सूर शेजारच्या सेटवर जोरदार ऐकू येतात, पण वाचले जात नाहीत.

आवाज नीट ऐकू येतोय, तरीही समोरच्याला वाचता येत नाही, असं झालं तर टीएक्सडिले बघा. पीटीटी दाबल्यावर सेटला पूर्ण ताकदीला यायला वेळ लागतो. तेवढा वेळ आधी नुसते झेंडे, म्हणजे पॅकेटची हद्द दाखवणारे बाइट, पाठवायचे असतात. सुरुवात ५०० मिलिसेकंदांपासून करा, जमलं की ३०० पर्यंत आणा. इथे आकड्यांच्या एककांत फार गफलत होते. लिनक्सच्या ‘किसपार्म्स’ या आज्ञेला मिलिसेकंद द्यायचे, म्हणजे ३००. डायरवुल्फच्या कॉन्फिगमध्ये मात्र दहा मिलिसेकंदांचं एकक आहे, तिथे ३०० मिलिसेकंद म्हणजे ३०. मी एकदा तिथे ३०० लिहिलं आणि प्रत्येक पॅकेटआधी तीन सेकंद चॅनेल अडवून बसलो. एका ज्येष्ठ हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, त्याच चॅनेलवर येऊन ते सांगितलं, त्यांचे आजही आभार मानतो.

डमी लोडवर चालतं, अँटेनावर नाही

हा शेवटचा आणि सर्वात चकवणारा बिघाड. डमी लोडवर तासभर सुरळीत आणि अँटेना लावला की पहिल्याच पॅकेटला साउंड कार्ड गायब, किंवा सेट अडकून सतत बोलत राहतो, किंवा पाय रीबूट होतो. ‘डीएमईएसजी’ या लिनक्सच्या नोंदींत प्रत्येक प्रक्षेपणाच्या वेळेला यूएसबी डिस्कनेक्ट अशी नोंद सापडली की समजा, रेडिओ लहरीच तारांतून आत शिरताहेत. आपण जोडलेली प्रत्येक तार त्यांच्यासाठी अँटेनाच असते.

आधी सेटची ताकद सर्वात कमी करा. बिघाड गेला तर निदान पक्कं. मग अँटेना लांब न्या. हातातल्या सेटचा रबरी अँटेना पायपासून वीतभर अंतरावर ठेवून हे कधीही जमायचं नाही. बाहेरचा अँटेना, दोन-तीन मीटर केबल, एवढं तरी हवं. यूएसबीची तार आखूड करा आणि उरलेली गुंडाळून ठेवू नका. आवाजाच्या तारा शील्डच्या वापरा, आणि प्रत्येक तारेवर पायच्या अगदी जवळ फेराइटची क्लिप बसवा. या फ्रीक्वेन्सीला ४३ क्रमांकाच्या मिश्रणाचे फेराइट चांगले. तार क्लिपमधून दोनदा फिरवता आली तर परिणाम आणखी वाढतो.

याच्या उलटही होतं. पाय आणि त्याचा स्वस्त अडॅप्टर स्वतःच खरखर पसरवतात आणि सेट दूरचं पॅकेट ऐकू शकत नाही. स्क्वेल्च उघडा ठेवून पायची वीज काढा. खरखरीचा पोत बदलला, एखादा दबलेला आवाज वर आला, तर दोषी सापडला. पाय बॅटरीवर चालवून बघितलं की अडॅप्टरचा दोष आणि पायचा दोष वेगळा करता येतो.

प्रत्येक पायरीला काय बदललं ते वहीत तारखेसह लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. माझ्या वहीत ‘केबल बदलली, ४.५ वरून ५.०५ व्होल्ट’ अशी ओळ आहे. दर वर्षी कुणी ना कुणी अडकून आलं की मी आधी तेच पान उघडतो. सगळं चालू झालं की त्याच दिवशी मेमरी कार्डाची पूर्ण प्रत काढून ठेवा. आपल्याकडे वीज न सांगता जाते आणि लिहिण्याच्या मधेच वीज गेलेलं कार्ड पुन्हा उठेलच असं नाही.

आणि माळव्यात मृगाच्या ढगांचा पहिला गडगडाट झाला की अँटेनाची केबल सेटपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवा. पॅकेट दुसऱ्या दिवशीही ऐकता येतात.